जळगावातला 'शेजारी देशांची एक संसद' हा शनिवार-रविवारचा कोर्स कसा आहे

आधीच सांगून टाकते, जा. खाली मी बऱ्याच तक्रारीपण लिहिल्यात, त्या वाचून कोणी जायचं रद्द करू नये म्हणून हे पहिल्याच ओळीत.

शहरातल्या एका अभ्यासिकेनं हा कोर्स सुरू केलाय, शनिवार-रविवार असा. विषय काय तर शेजारी देशांनी मिळून एक संसद चालवायची ही कल्पना, ती जगात कुठे कुठे जमली, कुठे फसली, आणि आपल्या दक्षिण आशियात तिचं काय करता येईल. मी अमळनेरला ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) म्हटलं की पोरांना आठ देश, सचिवालय काठमांडू, स्थापना ८ डिसेंबर १९८५ ढाका एवढं पाठ करून घ्यायचं आणि पुढच्या धड्याला जायचं अशी आमची सवय. म्हणून नाव वाचूनच फी भरली. फी नऊशे रुपये, दोन्ही दिवसांचं जेवण धरून. जेवण मस्त होतं, पहिल्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, दुसऱ्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी, वाढणाऱ्या मावशी आग्रह करकरून वाढत होत्या. हॉल मात्र लहान पडला, मागच्या रांगेला पडदा दिसत नव्हता.

पहिली सकाळ पूर्ण युरोपची. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक आहेत आणि त्यांची पद्धत मला फार आवडली कारण ते आजच्या युरोपियन संसदेपासून सुरूच करत नाहीत. आजची संसद बघितली की माणूस दबूनच जातो ना, २७ देश, ७२० खासदार, २४ भाषा, स्ट्रासबर्ग आणि ब्रसेल्स अशा दोन गावांत कारभार, आणि मग वाटतं हे आपल्याला कधीच जमणार नाही. सर सुरू करतात १९५२ पासून. तेव्हा कोळसा आणि पोलाद यांच्यापुरता सहा देशांचा समुदाय होता, त्याची एक सभा होती, ७८ जण, सगळे आपापल्या देशाच्या संसदेनं पाठवलेले, लोकांनी थेट निवडून दिलेला एकही नाही. युद्ध संपून सातच वर्षं झाली होती, आणि जर्मन आणि फ्रेंच खासदार एका सभागृहात बसून कोळशावर बोलत होते. कायदे करायचा अधिकार नाही, पैशावर हात नाही. थेट निवडणूक व्हायला १९७९ उजाडलं. म्हणजे सत्तावीस वर्षं ही संसद बहुतेक करून नुसती भरत होती, चर्चा करत होती, अहवाल लिहीत होती. १९७९ ला ४१० जण निवडून आले आणि अध्यक्ष झाल्या सिमोन वेल, ज्या मुलगी असताना नाझींच्या छळछावणीतून जिवंत परत आल्या होत्या. हे सर सांगत होते तेव्हा हॉलमधे कोणी मोबाईल बघत नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आजकाल कुठल्याही लेक्चरला असं होत नाही.

आणि मग त्यांनी जी केस सांगितली ती मी इतकी वर्षं शिकवत असून मला नीट माहीत नव्हती. आयसोग्लुकोजची केस. मक्याच्या स्टार्चपासून गोड पाक बनतो, साखरेला पर्याय म्हणून, आपल्याकडे दोंडाईच्याला स्टार्चचा कारखाना आहे म्हणून पटकन लक्षात येईल. तर युरोपच्या मंत्र्यांच्या परिषदेनं या पाकाच्या उत्पादनावर कोटा लावला, आणि लावताना संसदेचं मत येईपर्यंत थांबलेच नाहीत, विचारलं होतं पण उत्तराची वाट बघितली नाही. कंपनी कोर्टात गेली. ऑक्टोबर १९८० ला युरोपच्या कोर्टानं तो नियमच रद्द केला, का तर संसदेचा सल्ला घेणं ही दाखवायची गोष्ट नाही, ते केल्याशिवाय कायदा पूर्णच होत नाही. आता बघा, संसदेला तेव्हा नाही म्हणायचा अधिकार नव्हताच, नुसता सल्ला द्यायचा होता, पण सल्ला येईपर्यंत कोणाला पुढे जाता येत नाही म्हटल्यावर तोच सल्ला एकदम वजनदार झाला. मक्याच्या पाकावरून! बजेटमधे थोडा वाटा सत्तरच्या दशकातच आला होता, पुढे हळूहळू अधिकार वाढले आणि २००९ च्या लिस्बन करारानंतर बहुतेक कायद्यांत बरोबरीचा हक्क आला. आणि तरी आजही कायद्याचा प्रस्ताव मांडायचा हक्क या संसदेकडे नाही, तो युरोपियन आयोगाकडेच, म्हणजे युरोपचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेकडे. हे अपूर्णपण सरांनी लपवलं नाही, हे मला विशेष वाटलं.

दुपारी आफ्रिका. इथे सगळ्यात जास्त वेळ पूर्व आफ्रिकेला दिला आणि बरोबर केलं, कारण आपल्याशी सगळ्यात जवळचं उदाहरण तेच आहे. केनिया, युगांडा, टांझानिया यांचा समुदाय आधी एकदा होता आणि १९७७ ला मोडला, इदी अमीन, आपसातली भांडणं, कोणाला जास्त फायदा मिळतो यावरून रुसवे. सगळं संपलं असं वाटावं अशी स्थिती. आणि तरी १९९९ ला परत करार झाला, २००१ ला अरुशा गावात त्यांची विधानसभा सुरू झाली. प्रत्येक देशाचे नऊ सदस्य, देश लहान असो की मोठा. निवडतात त्या त्या देशाच्या संसदा, पण स्वतःच्या खासदारांना पाठवता येत नाही, बाहेरचीच माणसं निवडावी लागतात. आता त्यात आठ देश आहेत, सोमालिया अगदी अलीकडे २०२४ ला आला.

ही सभा कायदे करते, नुसते ठराव नाही. ट्रकमधे किती वजन भरायचं याचा एक सामायिक कायदा आहे त्यांचा, सीमेवर दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी व्हावी याचाही आहे, आधी ट्रक एका बाजूला थांबायचे, मग परत दुसऱ्या बाजूला थांबायचे. आमच्या बॅचला धुळ्याचे एक ट्रान्सपोर्टवाले दादा होते, ते या भागाला एवढे रंगले की सरांना मधेच थांबवून चेकपोस्टवरचे आपले अनुभव सांगायला लागले, आणि सरांनी त्यांना थांबवलं नाही. अडचण पण सांगितली, की कायदा झाला तरी सगळ्या राष्ट्रप्रमुखांची सही लागते, एकानं अडवलं की सगळं अडतं, आणि पैसे वेळेवर न देणारे सदस्य देश आहेत म्हणून कामकाज रखडतं.

बाकीचं मात्र उरकलं. आफ्रिका खंडाची जी मोठी संसद दक्षिण आफ्रिकेत मिडरँडला भरते, २००४ पासून, तिला अजून कायदे करायचा अधिकार नाही, २०१४ ला तसा करार झाला पण पुरेशा देशांनी तो मंजूरच केला नाही, हे दहा मिनिटांत. मध्य अमेरिकेची ग्वाटेमालातली संसद तर त्याहून कमी वेळात, आणि तिथेच मला खरी तक्रार आहे. ही संसद बदनाम का झाली तर निवृत्त राष्ट्राध्यक्षांना तिथे आपोआप जागा मिळायची आणि जागेबरोबर खटल्यापासून संरक्षण. पनामानं २००९ च्या सुमारास यातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. अशा फसलेल्या संसदेवर अर्धा दिवस घालवायला पाहिजे होता, कारण आपल्याकडे उद्या असं काही झालंच तर पहिली भीती हीच आहे की पडलेल्या पुढाऱ्यांची सोय लावायला अजून एक सभागृह मिळेल. मी विचारलंसुद्धा, सर म्हणाले वेळ नाही. कोर्स अजून अर्धा दिवस वाढवा, फी वाढली तरी चालेल पण हा भाग वाढवा.

नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-नॉर्वेकडच्या देशांची परिषद मात्र छान मांडली. १९५२ चीच, ८७ सदस्य, आजही सगळा कारभार शिफारशींवरच. पण तिकडच्या माणसाला शेजारच्या देशात जाऊन नोकरी करायला परवाना लागत नाही ही सोय १९५४ पासूनची आहे, आणि तिथे जायला पासपोर्ट लागत नाही ही पण त्याच काळातली. म्हणजे नुसत्या शिफारशी करणारी सभा निरुपयोगीच असते असं नाही, तिथे बसणारे लोक आपापल्या संसदेत जाऊन त्या शिफारशीचा पाठपुरावा करतात का यावर सगळं आहे.

दुसरा दिवस सार्कचा आणि इथे माझं मन लागलं आणि तितकंच दुखलं पण. आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही हो. सार्क देशांच्या संसदांचे अध्यक्ष आणि खासदार यांची संघटना १९९२ लाच झाली, पहिली परिषद १९९५ ला दिल्लीत भरली, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले लातूरचे शिवराज पाटील. आणि मग २०११ पर्यंत अशा परिषदा अगदी मोजक्याच झाल्या. सार्कच्या व्हिसा सवलतीत खासदार होते, १९९२ पासून, म्हणजे ज्यांना बिनव्हिसा जाता येत होतं त्यांना नियमानं भेटायला जागाच कोणी केली नाही. राष्ट्रप्रमुखांची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ ला काठमांडूत, त्यानंतरची २०१६ ला इस्लामाबादला होणार होती ती उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही, आणि त्यानंतर आजतागायत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ ला पाकिस्तानी नागरिकांसाठी ती व्हिसा सवलत पण भारतानं बंद केली. हल्ले करणाऱ्यांशी गळाभेट घ्या असं मी म्हणत नाहीये, कोर्सलाही कोणी म्हणालं नाही. पण पाकिस्तानशी भांडण आहे म्हणून नेपाळच्या, भूतानच्या, बांगलादेशच्या, श्रीलंकेच्या खासदारांशी पण आपले खासदार नियमानं बसत नाहीत, याचं कारण काय, हे कोणीतरी विचारायला पाहिजे.

कारण चार्टरमधे आहे आणि सरांनी ते फळ्यावर लिहून दाखवलं. सार्कचा प्रत्येक निर्णय एकमतानं, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेलाच घ्यायचे नाहीत. आता वादाचा विषय घ्यायचा नाही आणि एकाचा नकार आला की काम बंद, यात संसद कशी उभी राहणार. युरोपात वादाचा विषय हाच पहिला विषय होता, कोळसा आणि पोलाद, ज्याच्यावरून तोफा बनत होत्या.

२०१७ च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियातल्या संसदांच्या अध्यक्षांची एक परिषद इंदूरला झाली होती, सुमित्रा महाजन लोकसभा अध्यक्ष असताना, त्यांच्याच मतदारसंघात. धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं की दुपारी जेवायला इंदूर. एवढ्या जवळ हे झालं आणि आमच्या कॉलेजात त्यावर एक ओळ बोललं गेलं नाही. हे कोर्सला गेल्यावर कळलं, आणि आता मी दरवर्षी पोरांना सांगणार आहे.

दुपारचं मॉक अधिवेशन म्हणजे या कोर्सचा जीव. प्रत्येकाला चिठ्ठीतून देश. मला मालदीव आला, शिरपूरच्या एका बी.ए.च्या मुलीला भारत. पहिलाच ठराव जागावाटपाचा, आणि तिथेच तासभर गेला, जायलाच पाहिजे होता. लोकसंख्येवर जागा दिल्या तर जवळजवळ पाऊण सभागृह एकट्या भारताचं, मग बाकीचे सात जण येतीलच कशाला. पूर्व आफ्रिकेसारख्या सारख्या जागा दिल्या तर पाच लाखांचा मालदीव आणि एकशे चाळीस कोटींचा भारत एकाच पारड्यात, मग उत्तर प्रदेशचा माणूस विचारेल की माझं मत एवढं स्वस्त का. सरांनी तेव्हा युरोपचा हिशोब दिला, जर्मनीला ९६ जागा, माल्टाला ६, म्हणजे जर्मनीच्या एका खासदारामागे साधारण पावणेनऊ लाख लोक आणि माल्टाच्या एकामागे लाखाच्या आत. लहान देशाला झुकतं माप, पण बरोबरीचं नाही. आमच्या सभागृहानं शेवटी असाच काहीतरी मधला तक्ता केला आणि वर अट घातली की ठराव पास व्हायला जागांचं बहुमत पाहिजेच आणि शिवाय निम्म्याहून जास्त देश पण पाहिजेत. शिरपूरच्या मुलीनं ही अट स्वतःहून मांडली, भारताच्या खुर्चीत बसून, मला तिचं फार कौतुक वाटलं.

दुसरा ठराव कांद्याचा. इथे साक्रीकडचे एक शेतकरी काका, जे श्रीलंकेच्या जागेवर होते, उठून सरळ अहिराणीत बोलायला लागले, "आमले कोनी इचारं का?" आणि अख्खा हॉल त्यांच्याकडे वळला. सप्टेंबर २०१९ ला भारतानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. डिसेंबर २०२३ ला परत तेच, मे २०२४ पर्यंत बंदी. बांगलादेशात भाव भडकले, आणि इकडे आपल्या बाजारात पडले. ढाक्यातली बाई आणि साक्रीतला शेतकरी दोघंही एकाच आदेशानं मेले, आणि आदेश काढण्याआधी दोघांनाही कोणी विचारलं नाही. काकांचं म्हणणं होतं बंदी नकोच. बाकीच्यांनी मिळून तडजोड केली की खाण्याच्या कुठल्याही मालावर बंदी घालायच्या आधी महिनाभर शेजाऱ्यांच्या समितीपुढे कारण मांडायचं. काकांनी विरोधात मत दिलं आणि ते नोंदवून घ्यायला लावलं. हे मला कुठल्याही पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

तिसरा ठराव नद्यांचा होता, गंगेच्या पाण्याचा भारत-बांगलादेश करार १९९६ चा आहे, तीस वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ ला मुदत. नंदुरबारच्या एका कार्यकर्त्या ताईंनी यात सरदार सरोवराचं आणलं. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा, धरण गुजरातेत, आणि पाण्याखाली गेली अक्कलकुवा, अक्राणीची आदिवासी गावं. त्या म्हणाल्या की लवादात राज्यांचे वकील बोलतात, गावं नाही बोलत. एकाच देशात ही गत, तर दोन देशांच्या मधल्या नदीवर काठावरच्या माणसाचं कोण ऐकेल. मला वाटतं सामायिक संसदेची गरज सांगणारं दोन दिवसांतलं सगळ्यात नेमकं बोलणं हेच होतं, आणि ते सरांकडून नाही तर समोर बसलेल्यांकडून आलं. सरकारं आपसात बोलतातच, परराष्ट्र खातं आहे, राजदूत आहेत. पण सरकारच्या विरोधात मत देणारा माणूस पण शेजाऱ्यासमोर बसला पाहिजे, ते फक्त संसदेत होतं.

आता राहिलेल्या तक्रारी. सगळ्यात मोठी ही, की कोर्स खान्देशात होतो आणि खान्देशाचं या विषयाशी असलेलं नातंच त्यात नाही. १९३२ ला विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, तिथली त्यांची गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. त्याच विनोबांनी पुढे अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन या त्रिकोणात येणाऱ्या सगळ्या देशांचा महासंघ व्हावा असं मांडलं, एबीसी त्रिकोण म्हणायचे त्याला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न बघितलं, प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी म्हणून. आणि १२ एप्रिल १९६४ ला राममनोहर लोहिया आणि दीनदयाळ उपाध्याय, दोन टोकांचे दोघं, यांनी मिळून भारत-पाक महासंघाचं निवेदन काढलं होतं. यातलं एकही नाव कोर्सला आलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं ही कल्पना युरोपातून आलेली पाहुणी आहे. ती आपल्या घरातली पण आहे, आणि सरांनी पुढच्या बॅचला एक तास यासाठी काढावा असं मी त्यांना भेटून सांगितलंय.

दुसरं, नोट्स इंग्रजीत. बोलणं सगळं मराठीत आणि हातात दिलेला गठ्ठा इंग्रजीतला, झेरॉक्स पण पुसट. बॅचमधे निम्म्याहून जास्त गावाकडची पोरं होती, ती घरी जाऊन तो वाचणार नाहीत. मी स्वतः पूर्व आफ्रिकेचा भाग मराठीत करून द्यायला तयार आहे, तसं आयोजकांना कळवलंय. तिसरं, शिकवणारे एकटे सरच, एखादी बाई बोलायला हवी होती. आणि बायकांच्या टॉयलेटला शनिवारी पाणी नव्हतं, रविवारी सांगितल्यावर आलं.

एमपीएससीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, इथे प्रश्नसंच मिळत नाही, मार्कांसाठी जाणार असाल तर मुख्य परीक्षेच्या उत्तराला उदाहरणं मिळतील तेवढाच उपयोग, पण ती उदाहरणं दुसऱ्या कोणाकडे नसतील. शिक्षकांनी तर जाच. अकरावी-बारावीची पोरं नेणार असाल तर फक्त रविवार करा, त्यांना मॉक अधिवेशनात बसवा, शनिवार त्यांना जड जाईल. भुसावळ, चाळीसगावकडून रेल्वेनं येणाऱ्यांना सकाळी नऊची वेळ गाठता येते, नंदुरबार-नवापूरकडच्यांना नाही, त्यांनी आदल्या दिवशी यावं किंवा आयोजकांना सांगून ठेवावं, उशिरा आलेल्यांना ते आत घेतात. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नाव नोंदवताना देशाची पसंती विचारतात, शक्यतो लहान देश मागा, भूतान किंवा मालदीव. मोठ्या देशाच्या खुर्चीत बसून जे कधी सुचत नाही ते तिथे सुचतं.